आइसवर स्की घसरते? आधी एजला नख लावून बघा

थंडी सुरू झाली की पत्रांचा सूर एकच असतो, मऊ बर्फावर मजा आली पण कडक बर्फावर पाय टिकले नाहीत. म्हणून यावेळचं सगळं सदर एजवर, म्हंजे स्की आणि स्नोबोर्डच्या कडेला जी जेमतेम दोन मिलिमीटरची पोलादी पट्टी असते तिच्यावर. मी व्हरमाँटमध्ये राहतो, इथल्या लोकांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला आइस कोस्ट असंच नाव पाडलंय. पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये कानस धरायला शिकलो होतो, ते आता दर शनिवारी रात्री गराजमध्ये कामाला येतं.

प्रश्न (बॉस्टनजवळून): आम्ही नवरा-बायको चार वर्षं स्की करतोय, न्यू हॅम्पशायरला जातो. गेल्या सीझनला सेलमध्ये नवीन स्की घेतल्या, मधली रुंदी १०४ मिमी. दुकानातून दोनदा धार लावून आणली तरी आइस आला की शेपूट सुटते. एज ८७ अंशांची करून घेऊ का?

उत्तर: ८७ ची घाई करू नका. आधी मुळात धार आहे का ते बघा. अंगठ्याच्या नखाची पाठ एजवर आडवी ओढा, अगदी हलक्या हाताने, पांढरी भुकटी निघाली तर धार आहे, नख नुसतं सरकलं तर नाहीये. हे टोकापासून शेपटीपर्यंत सहा-सात ठिकाणी करा आणि बुटाखालचा भाग जास्त नीट बघा, कारण आइसवर सगळा भार तिथंच येतो आणि एज आधी बोथट पण तिथंच होते.

धार असूनही घसरत असेल तर मग अँगलकडे या. अँगल दोन असतात आणि दुकानात बोलताना लोक एकच बोलतात, तिथं गडबड होते. एक बेस एज, बर्फाकडची बाजू. ती अर्धा ते एक अंश वर उचललेली असते म्हणजे स्की सपाट चालताना एज उगाच अडकत नाही. दुसरी साईड एज, बाहेरची बाजू, ती ९० पेक्षा एक, दोन किंवा तीन अंश आत झुकवतात म्हणून तिला ८९, ८८, ८७ म्हणतात. आता खरा कोपरा या दोघींचा मिळून होतो. साईड २ आणि बेस १ असेल तर कोपरा ८९ चा, आणि कुणी बेस घासत घासत २ वर नेली असेल तर साईड २ असूनही कोपरा परत ९० वर आला. त्याहून वाईट म्हणजे बेस जितकी जास्त उचललेली तितकी स्की जास्त आडवी केल्याशिवाय एज बर्फाला टेकतच नाही, तुम्ही वळायला सुरुवात करता, स्की मधेच थोडी वाहत जाते आणि मग एकदम पकडते. तुम्ही लिहिलंय ना की दुकानातून दोनदा आणली, मला शंका इथंच आहे.

आमच्या घरी हे झालंय म्हणून इतकं सांगतोय. मुलीची स्की एका दुकानात द्यायचो, ते दर वेळी मशीनवर बेस आणि साईड दोन्ही मारून द्यायचे, तीन सीझनमध्ये ती स्की आइसवर उभी राहीना आणि नख लावलं तर धार मात्र मस्त. शेवटी गेज, म्हणजे अँगल मोजायचं साधन, लावून बघितलं तर बेस एज दोनच्या जवळ गेलेली. साईड एज बऱ्याच वेळा परत घासता येते, बेस एज एकदा वर गेली की हाताने खाली येत नाही. ती परत आणायची तर अख्खा बेस, म्हणजे स्कीचा तळ, दगडी चाकावर घासून खाली न्यावा लागतो, त्यात प्लास्टिक पण जातं आणि पोलाद पण जातं, आणि पोलाद मोजकंच असतं. एक अंश म्हणजे किती विचाराल तर दोन मिलिमीटरच्या पट्टीवर साधारण ०.०३५ मिमी, डोक्याच्या केसाच्या जवळपास अर्धी जाडी. एवढ्यासाठी माझी पोर अख्खा सीझन स्वतःलाच दोष देत होती, मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून दुकानात चिठ्ठी चिकटवूनच देतो, फक्त साईड ८८, बेसला हात लावू नका.

आता तुमच्या १०४ बद्दल. ही रुंद स्की मऊ, खोल बर्फात तरंगण्यासाठी केलेली असते. आइसवर एज जितकी बुटाच्या मध्यापासून लांब तितकी ती आडवी धरून ठेवायला गुडघ्यावर पीळ जास्त पडतो. ६८ ते ७५ ची स्की पायाखालीच असल्यासारखी वाटते आणि सहज उभी राहते. म्हणून ८७ करून काय होईल, धार थोडी वाढेल, पण तो पीळ तसाच राहील आणि ८७ चा बारीक कोपरा दगड लागला की लवकर मोडेल. मी तुमच्या जागी असतो तर बेस मोजून घेतली असती, एकच्या आत असेल तर साईड ८८ ठेवली असती आणि न्यू हॅम्पशायरलाच जाणार असाल तर ७५-८० च्या आसपासची कुणाची तरी वापरलेली स्की शोधली असती. १०४ ठेवा, बर्फवादळानंतरच्या सकाळी तीच काढा.

आणि एक, पत्रात तुम्ही लिहिलंय की आइस दिसला की "जोर लावून एज मारतो". ते सोडा. आइसवर एज एकदम मारली की ती तुटल्यासारखी सुटते. आइसच्या आधी वळून घ्या, वरून जाताना शांत राहा, भार बाहेरच्या पायावर आणि खांदे डोंगराकडे झुकू देऊ नका, घाबरलं की आपण सगळेच डोंगराकडे झुकतो आणि तिथंच बाहेरची स्की हलकी होऊन सुटते.

प्रश्न (न्यू जर्सीहून): घरीच धार लावायची म्हटलं तर कानस घ्यावी की डायमंड स्टोन? व्हिडिओ बघून जास्तच गोंधळलोय.

उत्तर: दोन्ही लागतात पण कामं वेगळी, आणि जास्त वेळा डायमंड. कानस पोलाद काढते, आकार देते, अँगल बसवते. डायमंड स्टोन तो आकार टिकवतो, गुळगुळीत करतो. लोक प्रत्येक ट्रिपनंतर कानस मारतात आणि दोन-तीन वर्षांत एज संपवून टाकतात. मी कानस सीझनमध्ये एकदा, फार तर दोनदा काढतो, डायमंड मात्र जवळपास दर दिवसाच्या स्कीनंतर, एका स्कीला पाच मिनिटं.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे गाईड, ज्यात ठरावीक अँगलला कानस किंवा स्टोन बसतो आणि गाईडची एक बाजू बेसवर सपाट टेकते. मोकळ्या हाताने कितीही सराव असला तरी ८८ धरता येत नाही. वर्कशॉपमध्ये आमचे फिटर सर जॉब गुण्याला लावून उजेडात धरायचे, फट दिसली की परत पाठवायचे, तेच इथं करा. एक सरळ स्टीलची पट्टी बेसवर आडवी ठेवा आणि मागून टॉर्च मारा. मधे उजेड दिसला तर कडा वर आहेत, दोन्ही कडेला दिसला तर बेस मधे फुगलाय. बेस सपाट नसेल तर गाईडच वाकडा बसणार आणि पुढचं सगळं वाकडं, तेव्हा हे आधी.

मग स्कीचे ब्रेक रबर बँडने वर बांधा, स्की वाइसमध्ये धरा, बेस कोरडा पुसून घ्या. साईड एजवर मार्करने रंग लावा आणि गाईड एकदाच फिरवा. रंग पूर्ण गेला तर तुमचा अँगल आणि एजचा अँगल जुळला. बेसकडच्या कोपऱ्यावर रंग राहिला तर तुम्ही अजून धारेपर्यंत पोचलाच नाहीत, तो रंग जाईपर्यंत घासायचं, नाहीतर सगळी मेहनत चुकीच्या जागी होते. आणि प्लास्टिकची साईडवॉल मधे येत असेल तर ती आधी थोडी तासावी लागते, त्याचं वेगळं हत्यार मिळतं, कानस प्लास्टिकवर घालू नका, दात भरून बसतात.

दगड लागून जिथं खोच पडलीय तिथं सरळ कानस नेऊ नका. दगडावर आपटलं की तिथलं पोलाद घासून तापल्याने कडक होतं, कानशीपेक्षा कडक, मग कानस तिथं सरकते आणि तिचेच दात जातात. तिथं आधी जाडा डायमंड, साधारण १०० चा, पाण्याने ओला करून, खरखर थांबेपर्यंत. मग लागली तर कानस, लांब आणि सारख्या दाबाने, ओढण्याची दिशा दातांप्रमाणे, दर दोन-तीन हातांनी ब्रशने साफ. मग २०० चा डायमंड, मग ४००. आवाज ऐका, सुरुवातीला खर्र येतो आणि काम झालं की तो मऊ होत जातो, हा माझा सगळ्यात भरवशाचा गेज आहे.

शेवटी बर काढायची. साईड घासली की पोलादाची बारीक उलटलेली कड, म्हणजे बर, बेसच्या बाजूला वळते, नखाला लगेच लागते. ती राहिली तर स्की वळता वळता मधेच अडकते आणि लोकांना वाटतं धार जास्त झाली. बारीक स्टोन बेस एजच्याच अँगलला, नुसता स्वतःच्या वजनाने, एक-दोनदा फिरवा, झालं. रबरी गमी स्टोन पण चालतो पण कोपऱ्यावर ४५ अंशात घासू नका, अर्धा तास लावलेली धार दहा सेकंदात गेली. हातमोजे घाला, ताजी एज बोट कापते आणि कळतही नाही.

वॅक्सचं विचारलंय म्हणून, वॅक्सने ग्रिप वाढत नाही. वॅक्स वेगाचं आणि बेस जपण्याचं काम करतो. क्रम मात्र आधी धार मग वॅक्स, म्हणजे लोखंडाचा कीस वॅक्सखाली दबत नाही.

प्रश्न (ओंटारिओहून, वय १६): काका, माझा स्नोबोर्ड पार्कमध्ये मस्त चालतो पण आमच्या टेकडीवर जानेवारीत आइस असतो तिथं हील साईडला, म्हणजे टाचेकडच्या कडेवर, नुसता घसरत जातो. मित्राकडे लाटांसारख्या एजचा बोर्ड आहे. तसा घ्यावा लागेल का?

उत्तर: तू रेल, म्हणजे पार्कमधल्या लोखंडी दांड्यांवरून घसरणं, करतोस ना? मग आधी हे सांग, बोर्ड घेतला तेव्हा कुणी पायांच्या मधल्या एज गोल करून दिल्या होत्या का. पार्कवाले मुद्दाम करतात, रेलवर एज अडकू नये म्हणून, आणि रेलसाठी ते बरोबर आहे. पण आइसवर तुझं सगळं वजन त्याच पायांमधल्या एजवर येतं. दोन्ही कामं एका बोर्डवर पूर्ण जमत नाहीत, तुला ठरवावं लागेल. मधला मार्ग हवा असेल तर साईड ८९ ठेव, बेस १, आणि टोकांना जिथं बोर्ड वर वळायला लागतो त्याच्या पुढचाच भाग थोडा बोथट कर.

हील साईडचं कारण वेगळं पण असतं. शिकताना आपण हीलवर आडवे घसरत खाली येतो, महिनोन्‌महिने, त्यामुळे ती एज टो एजपेक्षा, म्हणजे बोटांकडच्या कडेपेक्षा, कितीतरी जास्त झिजते. दोन्हींवर नख लावून बघ, फरक तुला स्वतःलाच कळेल. आणि हीलवर पाय सरळ करून मागे बसलास तर बोर्ड थरथरतो आणि सुटतो, गुडघे वाकव, पायाची बोटं वर ओढ, नजर जायचंय तिथं.

मित्राच्या बोर्डची एज मॅग्ने-ट्रॅक्शन असणार, लिब टेक आणि नू हे बोर्ड बनवणाऱ्या मर्विनची. कल्पना विळीच्या करवतीसारखी, आजीच्या नारळाच्या खोवणीला दात का असतात तेच. सरळ एजवर वजन सगळीकडे पसरतं, लाटेच्या उंचवट्यांवर ते थोड्या ठिकाणी जास्त दाबाने येतं आणि तिथं बर्फात शिरतं. खरंच फरक पडतो, मी वापरलाय. पण बोथट झालेली लाट पण घसरतेच, आणि तिला लांब कानस लावली तर ती फक्त उंचवट्यांवर फिरते, छोट्या स्टोनने वळणाप्रमाणे जावं लागतं. नवीन बोर्डचे पैसे घालायच्या आधी आहे त्याला एक संध्याकाळ दे, स्टोन परवडतो.

प्रश्न (मिशिगनहून): इन्स्ट्रक्टर म्हणाले की नवीन स्कीची टोकं आणि शेपटी १५ सेंटिमीटर बोथट करून घ्या. करू का?

उत्तर: नका करू, निदान लगेच नका करू. हा सल्ला लांब, सरळ स्कीच्या काळातला आहे. एलानची एससीएक्स १९९३ मध्ये आली आणि त्यानंतर कमरेत बारीक, टोकांना रुंद अशा स्की आल्या, त्या टोकापासूनच वळण पकडतात, तिथं बोथट केलं तर ज्यासाठी पैसे दिले तेच गेलं. स्की अडकत असेल तर आधी बर राहिलीय का बघा, बहुतेक वेळा तीच असते. तरीही अडकली तर डोंगरावरच खिशातला स्टोन काढून बर्फाला न टेकणारा पुढचा इंच-दोन इंच घासा, पुन्हा एक रन मारा, मग ठरवा.

प्रश्न (ठाण्याहून): फेब्रुवारीत पहिल्यांदा गुलमर्गला स्की शिकायला चाललोय. भाड्याच्या स्की कशा निवडायच्या? धार लावायचं काही बरोबर न्यावं का?

उत्तर: वा, फेब्रुवारी चांगला महिना. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे आणि जानेवारी-फेब्रुवारीत तिथला बर्फ कोरडा, हलका असतो, त्यात एजची परीक्षा फार होत नाही. पण शिकणाऱ्यांचा उतार खालीच असतो आणि तिथं दिवसभर माणसं, स्लेज, बूट, सगळे बर्फ दाबत असतात, दुपारच्या उन्हात वरचा थर ओला होतो आणि रात्री गोठतो. सकाळी पहिल्या तासाला तुम्हाला जो कडक बर्फ लागेल तो हा. मार्चमध्ये हे जास्तच होतं. तेव्हा सकाळी थोडं उशिरा सुरू केलंत तरी काही बिघडत नाही, ऊन लागून बर्फ जरा मऊ होऊ दे.

भाड्याच्या दुकानात संकोच न करता स्की उलटी करा. नख लावून बघा. बोट नव्हे, कापूस किंवा जुना रुमाल एजवरून फिरवा, जिथं धागा अडकेल तिथं खोच आहे. पोलादाची पट्टी कुठं बाहेर आलीय किंवा तुटलीय का बघा, तशी जोडी अजिबात घेऊ नका. किंचित बोथट चालेल, नवशिक्याला फार धारदार एज उलट त्रास देते. पण अगदी गुळगुळीत गोल झालेली एज नको, कारण ब्रेक लावायला दोन्ही स्कीची जी व्ही करायला शिकवतात ती दोन्ही आतल्या एजवरच उभी असते. थांबता येत नसेल तर दर वेळी तुमचीच चूक असेल असं समजू नका, जोडी बदलून मागा.

बरोबर काही न्यायची गरज नाही. पुढं गोडी लागली आणि तिथल्या सरकारी स्कीइंग संस्थेचा किंवा उत्तराखंडातल्या औलीचा कोर्स करायचं ठरलं तर एक ४०० चा खिशातला डायमंड घ्या, विमानात तो आणि कानस चेक-इनच्या बॅगेत टाका.

प्रश्न (नागपूरहून): टीव्हीवर रेस बघतो, तिथं उतार काचेसारखा चमकतो. एवढा धोकादायक बर्फ मुद्दाम का ठेवतात? आणि जुन्या काळी लाकडी स्कीवर लोक कसे थांबायचे?

उत्तर: मुद्दाम ठेवतात, खरंय. उतारात नळ्या खुपसून पाणी आत सोडतात आणि गोठवतात. मऊ बर्फावर पहिले दहा जण गेले की चर पडतात आणि शेवटच्यांना वेगळाच रस्ता मिळतो, कडक केला की पहिल्याला आणि साठाव्याला साधारण सारखा. आमच्याजवळ किलिंग्टनला २०१६ मध्ये बायकांचा वर्ल्ड कप आला, त्या उतारावर बूट घालून उभं राहणं अवघड होतं आणि त्या मुली तिथं वाकून जवळजवळ कंबर टेकवून वळत होत्या. त्यांच्या स्कीची बेस एज अर्धा अंश आणि साईड ८७, रोज रात्री कुणीतरी तासन्‌तास बसून ती लावतं. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये आपला काश्मीरचा आरिफ खान होता, सगळा उतार कृत्रिम बर्फाचा, खूप कडक, आणि तो जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळत खाली येण्याच्या शर्यतीत, ४५ वा आला. जिथं बरेच जण रेस पूर्णच करू शकले नाहीत तिथं दोन्ही रन खाली आणणं म्हणजे काय, हे ज्याने आइसवर एक वळण घेतलंय त्याला कळेल. मला त्याचा फार अभिमान वाटला.

जुन्या लाकडी स्कीला पोलाद नव्हतंच. लाकडाची कड झिजून गोल व्हायची आणि कडक बर्फावर लोक जायचं टाळायचे किंवा आडवे घसरायचे. साल्झबुर्गचा रूडॉल्फ लेटनर, पेशाने हिशेबनीस, डोंगरांचा वेडा, त्याने १९२६ मध्ये पोलादी एजचं पेटंट घेतलं. तेव्हा सलग पट्टी नव्हती, छोटे छोटे तुकडे स्क्रूने लाकडात बसवलेले, ते निघून पडायचे आणि लोक खिशात जादा तुकडे आणि स्क्रू घेऊन फिरायचे.

प्रश्न (कनेटिकटहून): गाडीच्या टपावर स्की बांधून आणल्या, दोन दिवस बॅगेत राहिल्या, आता एजवर केशरी गंज आलाय. गेल्या का?

उत्तर: नाही ताई, गेल्या नाहीत. वरवरचा गंज गमी स्टोनने दोन मिनिटांत निघतो, खाली काळे खड्डे दिसले तरच डायमंड लावा. मीठ आहे ते, इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला टाकतात आणि पुढच्या गाडीच्या चाकातून उडून टपावरच्या स्कीवर बसतं. शक्य असेल तर गाडीच्या आत ठेवा, नाहीतर घरी आल्या आल्या साध्या पाण्याने धुवून फडक्याने पुसा आणि बॅगेतून काढून उभ्या ठेवा, बेसमेंटच्या ओल्या फरशीवर नको. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात कोयत्याला, विळीला तेलाचा हात फिरवून ठेवतात, तसं इथं एप्रिलमध्ये सीझन संपला की बेसवर वॅक्सचा जाड थर द्या आणि तो एजवरून थोडा खाली ओघळू द्या, खरवडू नका. नोव्हेंबरमध्ये खरवडाल तेव्हा एज आत जशी ठेवली होती तशी सापडेल.